बाधा

आमच्या घरात औषधाच्या बाबतीत दोनच क्रियापदं चालतात. औषध मानवतं, नाहीतर बाधतं. साइड इफेक्ट, रिॲक्शन, ॲलर्जी हे शब्द आमच्या पिढीनं आणले. आजीचं सगळं काम त्या दोन शब्दांत भागायचं. शेजारणीला मानवलेली गोळी आपल्याला बाधू शकते, हे तिला ठाऊक होतं आणि त्यात तिला नवलही वाटायचं नाही. गोळी वाईट होती असं ती कधी म्हणायची नाही, माणसात खोट आहे असंही म्हणायची नाही. बाधली, एवढंच.

याच शब्दाचं सख्खं भावंड आमच्या घरात दबक्या आवाजात बोललं जायचं. बाधा. बाहेरची बाधा. दोन्ही शब्द मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण ते शेजारी ठेवून बघायचं कधी सुचलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात ते आपोआपच शेजारी येऊन बसले.

धाकटी आत्या सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहते. वय ६७. आयुष्यभर विड्या वळल्या, त्यामुळे तिची बोटं रिकामी बसत नाहीत. टीव्ही बघतानाही अंगठा आणि तर्जनी हवेत काहीतरी वळत असतात. तिला छातीत धडधड व्हायला लागली तेव्हा मीच तिला दवाखान्यात घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, नेमकं काय होतं? आत्या म्हणाली, "माग नीट चाललेला असतोय ओ, मधीच धोटा अडकल्यागत होतंय. मग दोन-चार ठोके भराभरा, आणि एखादा गायबच." डॉक्टर सोलापुरातच वाढलेले. त्यांना यापेक्षा नेमकं वर्णन नको होतं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून थरथरणं. रक्त पातळ ठेवायची एक गोळी आणि ठोक्यांचा ताल सांभाळायला सोटालॉल, सकाळ-संध्याकाळ. धडधड थांबली. गोळी मानवली म्हणून तिनं सगळ्या नातेवाइकांना फोन लावून सांगितलं.

तीन महिने बरे गेले. मग मे आला. पारा ४३ च्या वर, अक्कलकोटला भर दुपारचं लग्न, आणि दुसऱ्या दिवसापासून जुलाब-उलट्या. गल्लीतल्या दवाखान्यात तिला उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, तीन दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. छातीची काही गोळी चालू आहे का, असं कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही, कारण तिच्या मते पोटाचा आणि छातीचा संबंधच काय? सोटालॉल मात्र नेमानं चालू. एकही गोळी चुकवायची नाही असं बजावलं होतं ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि आत्या ओट्यापाशी उभ्याउभ्या कोसळली. मिनिटाभरात डोळे उघडले, "काय झालं?" म्हणाली, पदर सारखा केला. रिक्षात पुन्हा मान टाकली. शिट्टीचा आणि पडण्याचा संबंध होता का, मी सांगू शकत नाही. शिट्ट्या तर रोजच होतात. पण सुनेनं दवाखान्यात पहिलं वाक्य तेच सांगितलं, आणि डॉक्टरांनी ते कागदावर उतरवून घेतलं.

मॉनिटरवर मी जे बघितलं ते विसरणं शक्य नाही. नेहमीच्या ईसीजीत ठोके एका रेषेत उभे असतात. इथं लाटा एकदा वरच्या बाजूला फुगत होत्या, मग बारीक होत होत खालच्या बाजूला फुगत होत्या, जणू कुणी सुताची लडी दोन टोकं धरून पिळतंय. वीस-पंचवीस सेकंद. मग आपोआप थांबलं आणि साधे ठोके सुरू झाले. शिरेतून मॅग्नेशियम चढलं, पोटॅशियम २.९ आलं होतं ते भरायला घेतलं, सोटालॉल बंद, अँटिबायोटिक बंद, ते इंजेक्शन बंद.

त्या पिळाला नाव आहे. १९६६ साली देसर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी ऐंशी वर्षांच्या एका बाईच्या ईसीजीत तो बघितला आणि 'तोर्साद द प्वांत' म्हणाले. टोकांचा पीळ. सुताच्या गावातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

रात्री वर्दळ कमी झाल्यावर डॉक्टरांनी मला आणि वडिलांना आत बोलावलं. टेबलावर ईसीजीची पट्टी पसरली होती. त्यांनी पेनचं टोक एका उंच रेघेच्या पायथ्याशी ठेवलं आणि बारीक चौकोन मोजायला लागले. एक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. उंच रेघ म्हणजे हृदयाचे मोठे कप्पे आवळायची आज्ञा, तिच्यामागची बुटकी टेकडी म्हणजे पुढच्या ठोक्यासाठी पेशी पुन्हा तयार झाल्याची खूण. या दोहोंमधल्या अंतराला क्यूटी म्हणतात. ठोक्यांच्या वेगाचा हिशेब घालून बाईमाणसात ते साधारण ४६० पर्यंत असावं. ५०० च्या पुढं गेलं की धोका. आत्याचं ५४० होतं. पेनचं टोक चौकोनांवरून सरकत राहिलं आणि टेकडी काही येईना. तयारी पुरी व्हायच्या आतच मधे एखादा आगाऊ ठोका शिरला, की तो पीळ पडतो.

मग त्यांनी कारणं सांगितली. सोटालॉल शरीरात मोडत नाही, आहे तसं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. उन्हानं आणि जुलाबानं अंगातलं पाणी गेलं, मूत्रपिंडं मंदावली, गोळी अंगात साठत राहिली. सोटालॉलनं क्यूटी लांबतो. पोटॅशियम घसरलं की लांबतो. उलटीच्या ऑनडॅनसेट्रॉननं थोडा लांबतो. ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनंही. "एकेकटं कुणी आलं असतं तर बहुतेक काही झालं नसतं," डॉक्टर म्हणाले. मग पट्टी बाजूला सारून त्यांनी आत्याचा तीन महिन्यांपूर्वीचा, गोळी सुरू व्हायच्या आधीचा ईसीजी काढला. तोही काठावरचाच होता. ४६५.

"घरात कुणी तरणंताठं अचानक गेलंय का? किंवा कुणाला फिट यायच्या?"

वडील कधीचे गप्प होते. म्हणाले, "अक्का."

अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. मी तिला बघितलेलं नाही. तिचा फोटोही घरात नाही. मला तिच्याविषयी एवढंच माहीत होतं, की पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला बाहेरची बाधा झाली. वडिलांनी त्या रात्री प्रथमच सगळं सांगितलं, तेही मला नव्हे, डॉक्टरांना. मी नुसता शेजारी बसलो होतो.

तेव्हा सोलापूर मिलच्या भोंग्यावर उठायचं. आमची खोली मिलपासून फार लांब नव्हती. भोंगा झाला की फडताळातली भांडी थरथरायची. अक्का दहा-बारा वर्षांची असल्यापासून कधीकधी पहाटेच्या भोंग्याला दचकून उठायची आणि डोळे फिरवून पडायची. नाकाला कांदा लावायचे, चप्पल हुंगवायचे. थोड्या वेळानं उठून ती पाणी भरायला जायची. फिट आहे असं ठरलं. अंगारा झाला, ताईत झाला. लग्न ठरवताना लपवलं. १९७१ साली मुलगा झाला. तो तीन महिन्यांचा असताना एका पहाटे भोंगा झाला, अक्का उठून बसली, आणि तशीच आडवी झाली. या वेळी कांदा लावून उठली नाही. ती २२ वर्षांची होती.

बाळंतीण, पहाटेची वेळ, आणि मुलगा मूळ नक्षत्रावर जन्मलेला. बाधा म्हणायला आणखी काय लागतं?

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. जन्मतःच क्यूटी लांब असण्याचे काही घराणी प्रकार आहेत, ते म्हणाले. त्यातल्या एकाला पोहताना, पळताना धोका, एकाला झोपेत. आणि दुसऱ्या क्रमांकाचा जो प्रकार आहे, त्यातल्या माणसांना अचानक झालेला आवाज सोसत नाही. गजर, टेलिफोनची घंटा. त्या प्रकारातल्या बायकांना बाळंतपणानंतरचे काही महिने सगळ्यांत जोखमीचे असतात.

वडिलांनी विचारलं, "भोंगा?"

"भोंगापण."

त्यानंतरचे दोन-तीन महिने मी रात्री मिळेल ते वाचत होतो. मी बँकेतला माणूस, विज्ञान दहावीपर्यंतच. पण हे वाचून एक गंमत कळली. हृदयाचा ताल सुधारणाऱ्या औषधांचा इतिहास म्हणजे ताल बिघडवणाऱ्या औषधांचाही इतिहास आहे. आणि त्याची सुरुवात आपल्या मलेरियावरच्या कोयनेलपासून होते. १९१२ साली व्हेंकेबाख नावाच्या डच डॉक्टरांकडं एक व्यापारी आला. त्याची नाडी वेडीवाकडी चालायची. मी कोयनेल घेतलं की थांबते, तो म्हणाला. डॉक्टरांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तो कोयनेल घेऊन आला, नाडी सरळ. त्यातूनच पुढं कोयनेलचा चुलतभाऊ क्विनिडीन हृदयासाठी वापरात आला. त्यानं कित्येकांची धडधड थांबली, आणि काहीजण ते घेत असताना अचानक बेशुद्ध पडू लागले. त्या बेशुद्धीत हृदयाचे मोठे कप्पे नुसते थरथरत असतात हे १९६४ मध्ये ईसीजीवर पकडलं गेलं. गोळीचा डोस फार नसतानाही हे व्हायचं. म्हणून डॉक्टरांनी त्यावर शिक्का मारला: इडिओसिंक्रॅटिक. ज्याचं त्याचं. आजी म्हणाली असती, बाधलं.

अमेरिकेतल्या कास्ट या चाचणीबद्दल वाचून तर मी त्या रात्री लॅपटॉप मिटून ठेवला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना जादा ठोके येत असतील तर ते थांबवायचे, म्हणजे अचानक मृत्यू टळतील, हा हिशेब कुणालाही पटेल असाच होता. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्यांनी ठोके थांबतही होते. ७५५ जणांना गोळी दिली, ७४३ जणांना नुसती खोटी गोळी. सरासरी दहा महिन्यांत खऱ्या गोळीवाले ६३ दगावले, खोट्या गोळीवाले २६. १९८९ मध्ये या दोन गोळ्यांपुरती चाचणी मधेच थांबवावी लागली. ईसीजी सुधारत होता आणि माणसं जात होती. तिथं कारण मुख्यतः अटॅकनं जखमी झालेलं हृदय होतं, जनुकं नव्हेत, हे खरं. पण औषध ज्याच्या पोटात जातं त्याच्या आतली जमीन कशी आहे हे न बघता नुसता ताल बघितला की काय होतं, ते यापेक्षा उघडं कुठं दिसणार?

आतली जमीन म्हणजे काय, तेही आता बरंच कळलेलं आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जावं लागतं. त्यासाठी तिच्या कातडीत बारीक दारं असतात, आणि प्रत्येक तऱ्हेचं दार एकेका जनुकावरून बेतलेलं असतं. यातलं एक दार फारच उदार आहे. त्याचा आतला गाळा ऐसपैस, त्यामुळे नाना तऱ्हेची औषधं आत शिरून अडकून बसतात. सोटालॉल, क्विनिडीन, उलटीची औषधं, काही अँटिबायोटिक्स, मनोविकारावरच्या काही गोळ्या. टर्फेनाडीन नावाची ॲलर्जीची गोळी तर एवढ्याचसाठी बाजारातून काढून टाकावी लागली. आणि या दाराच्या जनुकाचं नाव? त्याचा माग फळमाशीपर्यंत जातो. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात एका संशोधकाला अशा माश्या सापडल्या, की ईथर देऊन बेशुद्ध केलं की त्या पाय नाचवायच्या. तिकडं तेव्हा गो-गो नाचाचं वेड होतं. म्हणून जनुकाचं नाव पडलं 'ईथर अ गो-गो'. माणसातला त्याचा भाऊबंद तो हर्ग. १९९५ मध्ये लक्षात आलं, की दुसऱ्या प्रकारच्या घराण्यांत बिघाड असतो तो याच जनुकात. मी हे आत्याला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "माशीलापण बाधा झालती म्हण की."

नॅशव्हिलचे डॅन रोडेन यांनी १९९८ साली एक कल्पना मांडली, ती मला सगळ्यात पटली. तयारी करायला पेशीकडं एकच दार नसतं, दोन-तीन असतात. एक जरा आखूड पडलं तरी बाकीची सांभाळून घेतात. पदरी शिल्लक असते. जन्मतः शिल्लक थोडी कमी असलेला माणूस ईसीजीत धडधाकट दिसू शकतो, ऐंशी वर्षं जगूही शकतो. मग एका मे महिन्यात पोटॅशियम जातं, वर गोळी, वर इंजेक्शन, आणि खातं रिकामं होतं. बँकेतला असल्यामुळे हा हिशेब मला एका वाचनात कळला. वडिलांना मात्र मी तो सांगत होतो तेव्हा त्यांनी मधेच थांबवलं.

वडिलांनी चाळीस वर्षं चादरीच्या नक्षीची कार्डं ठोकली. जॅकार्ड मागावर जाड पुठ्ठ्यांची माळ फिरते. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. नक्षी सगळी भोकांत.

"एक भोक चुकलं तर काय होतंय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, फुलाची पाकळी जाते. "चादर विणाय घेतली तर जातीय. कार्ड कपाटात पडून असलं तर कुणाला काय कळतंय? आणि ती पाकळी ज्या रंगाच्या सुताची, ते सूतच त्या मागावर चढवलं नाही, तरीपण कळत नाही." थोडा वेळ थांबून म्हणाले, "अक्काच्या कार्डावरनं रोज पहाटे विणत होते. हिच्या कार्डावरनं ६७ वर्षं कुणी विणलंच नाही."

मी पुढं बोललोच नाही. सगळीच बाधा हर्गच्या दारातून येते असंही नाही. आमच्या मेव्हण्यांना मेटोप्रोलॉल या रक्तदाबावरच्या लहानशा गोळीनं नाडी ४४ वर आली आणि चार दिवस पायऱ्या चढवेनात. ती गोळी यकृतातलं जे एन्झाइम मोडतं, ते काही घराण्यांत जवळजवळ कामच करत नाही. मग लहान गोळीही अंगात मोठी होते. याचा पत्ता लागला तोही मजेशीर रीतीनं. १९७५ च्या सुमाराला लंडनमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाच्या औषधशास्त्रज्ञानं रक्तदाबाचं डेब्रिसोक्विन स्वतःवर घेऊन बघितलं. सहकाऱ्यांना काही नाही आणि स्मिथना उभंसुद्धा राहता येईना. बॉनमध्ये आइखेलबाउम यांना हीच गोष्ट स्पार्टीन या हृदयाच्या औषधात सापडली. मेव्हण्यांची तपासणी केलेली नाही, त्यामुळे त्यांच्यात हेच घडलं असं मी म्हणणार नाही. गोळी बदलली, पायऱ्या चढतात, विषय संपला.

आत्याचा विषय संपला नाही. घरातल्या चौदा जणांचे ईसीजी काढले. आत्याच्या आणि अक्काच्या मुलाच्या, आप्पाच्या, रक्ताच्या जांभळ्या झाकणाच्या नळ्या बाहेरगावी गेल्या. महिन्यानं अहवाल आला. दोघांच्याही हर्गमध्ये एकाच जागी एक अक्षर बदललेलं. आणि खाली शेरा: अर्थ अनिश्चित. आत्यानं चष्मा लावून कागद उलटसुलट बघितला. "म्हंजे हाय का नाय?" मी तिला समजावलं, की हे अक्षर याआधी फारसं कुणात नोंदलेलं नाही. जगातल्या जनुकांच्या नोंदवह्यांत युरोपी वंशाच्या लोकांचा भरणा, आपली माणसं थोडी. जीनोम इंडिया या प्रकल्पात दहा हजार भारतीयांची नोंद झाली, ती आत्ता कुठं कामाला लागतेय. दोघांत तेच अक्षर आणि दोघांचा क्यूटी लांब, हा पुरावा आहे, पण दोघांचाच. "मंग चौदा जणांचं रक्त घ्या की," आत्या म्हणाली. डॉक्टरही नेमकं तेच म्हणाले होते. खर्चाचं बघतोय.

तोवर घराचे नियम बदललेत. आत्याची धडधडीवरची गोळी बदलली आहे. क्रेडिबलमेड्स नावाची यादी आहे, कुठल्या औषधानं क्यूटी लांबतो त्याची. त्यातली नेहमी लागणारी नावं मी मराठीत लिहून लॅमिनेट केली. एक आत्याच्या बटव्यात, एक फ्रिजवर, एक कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडं. तो पहिल्यांदा वैतागला होता, आता दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही विचारतो. जुलाब लागले की पहिल्या दिवशी मीठ-साखर-पाणी आणि त्याच दिवशी डॉक्टर. दाराची बेल काढून टाकलीय. कुकरच्या वेळी आत्या बाहेरच्या खोलीत बसते. हे तिनं फार आनंदानं मान्य केलं.

राहिला आप्पा, अक्काचा तो तीन महिन्यांचा मुलगा. आता भोसरीत असतो, कारखान्यात फोरमन आहे. मूळ नक्षत्रावरचा, जन्मून आईला खाल्लं, हे त्यानं स्वतःच्या वडिलांच्या घरीही ऐकलं आणि आमच्या घरीही. कुणी भांडताना, कुणी कुरवाळताना. त्याचा क्यूटी ४८८ निघाला. तो निकाल आम्ही त्याला इथं बोलावून सांगितला. दवाखान्यातून निघून मी, वडील आणि तो कंबर तलावाच्या काठावर जाऊन बसलो. तो ईसीजीची पट्टी उघडून चौकोन मोजत होता. डॉक्टरांनी मोजून दाखवलं होतं, तरी पुन्हा.

"मामा," त्यानं वडिलांना विचारलं, "तवा भोंगाच झालता का? तुमी बघितलं?"

"मी तिथंच झोपलो होतो की. भोंगा झाला आणि ती उठली."

"मी रडलो नव्हतो?"

"तू झोपला होतास."

त्यानं पट्टी नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवली. शेजारच्या गाड्यावरून मी तीन ग्लास उसाचा रस आणला. त्यानं अर्धा प्यायला, मग फोन काढून पुण्याला पोरीला लावला. ती एकोणीस वर्षांची, हॉस्टेलवर असते. तिचा ईसीजी पुढच्या आठवड्यात.

"सकाळी गजर कसला लावतीस गं?" त्यानं विचारलं. पलीकडून ती काहीतरी म्हणाली.

"ते नंतर सांगतो. आधी आवाज कसला आहे, ते ऐकव."